परिचारिका आणि रुग्ण : संवादाविषयीचे काही गैरसमज

परिचारिकेचे रुग्णाशी बोलणे हा स्वभावातील गोडव्याचा भाग आहे, उपचारांचा नव्हे, असे सर्रास मानले जाते. परंतु अमेरिकन परिचारिका हिल्डगार्ड पेपलाउ यांनी १९५२ च्या आपल्या ग्रंथात परिचारिका-रुग्ण संबंधालाच शुश्रूषेच्या केंद्रस्थानी ठेवले होते.

सर्वांत घातक गैरसमज म्हणजे, एकदा सांगितले की रुग्णाला कळले. डच मानसशास्त्रज्ञ रॉय केसल्स यांच्या २००३ मधील आढाव्यानुसार वैद्यकीय माहितीपैकी ४० ते ८० टक्के भाग रुग्ण तत्काळ विसरतात, आणि जे आठवते त्यातलेही जवळपास निम्मे चुकीचे असते. ‘समजलं ना?’ या प्रश्नाने हे उघडकीस येत नाही, कारण संकोचापोटी किंवा घरी जाण्याच्या घाईत रुग्ण ‘हो सिस्टर’ म्हणून मोकळा होतो. त्यावर उपाय म्हणजे ऐकलेले रुग्णाने स्वतःच्या शब्दांत सांगणे, किंवा करून दाखवणे. उदाहरणार्थ, भारतात इन्सुलिनची कुपी बहुधा प्रति मिलिलिटर ४० युनिटची असते आणि तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज लागते. १०० युनिटच्या इन्सुलिनसाठीची सिरिंज केशरी टोपणाची असते. ४० च्या कुपीतून केशरी सिरिंजमध्ये दहाच्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर शरीरात चारच युनिट जातात. उलट गफलत झाली, तर दहाऐवजी पंचवीस जातात आणि रक्तातील साखर जीवघेणी उतरू शकते. ‘दहा युनिट घ्या’ ही सूचना दोन्ही वेळी अचूकच असते. चूक दिसते ती रुग्णाच्या हातात सिरिंज दिल्यावरच.

संवादाला वेळ नसतो, ही सबब अगदीच निराधार नाही, कारण एका पाळीत किती खाटा सांभाळायच्या हे परिचारिका ठरवत नाही. तरीही कॅन्ससमधील २०१२ च्या एका अभ्यासात, खाटेजवळ बसून बोलणारा शल्यविशारद उभ्याने बोलताना जितका थांबे जवळजवळ तितकाच थांबला, पण रुग्णांना तो अधिक वेळ थांबल्यासारखे वाटले. रुग्णाला मान वळवावी लागू नये असे समोर बसावे, ही सूचना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्येच केली होती. ‘काही होणार नाही’ अशा पोकळ दिलाशावर तर त्यांनी एक प्रकरणच खर्ची घातले आहे.

नातेवाइकाला सांगितले की भागले, हाही समज तपासण्याजोगा आहे. डिस्चार्ज कार्ड घेणारा मुलगा बहुधा बिलाच्या खिडकीशी उभा असतो, घरी इंजेक्शन टोचणार असते सून. तेव्हा करून दाखवायला सांगायचे, ते तिला.