फॉरवर्ड करण्याआधी एक जुना प्रश्न

काल घरच्या ग्रुपवर मावशीचा मेसेज आला: ‘कारल्याच्या रसाने आठ दिवसांत मधुमेह बरा!’ वर दोन बाणांची खूण, म्हणजे अनेकदा फॉरवर्ड झालेला.

मला न्यायदर्शन आठवलं. त्यात ज्ञानाची ४ प्रमाणं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं.

आज आप्त म्हणजे नातेवाईक. न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायन मात्र आप्त त्याला म्हणतो, ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि ती जशी आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे.

मावशीला फोन केला. “हे कुणी सांगितलं गं?” तिलाही ठाऊक नव्हतं. गोळ्या चालू ठेवायचं तिने कबूल केलं.

माया खरी असली, तरी ते प्रमाण नव्हे.