जुन्या मोटारसायकलीची तेलगळती

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या सीमाभागातील रस्त्यांवर जुनी बुलेट किंवा येझदी आजही दिसते. बुलेटची जुळणी मद्रासला 1955 पासून होऊ लागली. जावा व तिच्यामागून येझदी या गाड्या म्हैसूरच्या कारखान्यात 1961 पासून 1996 पर्यंत तयार होत होत्या. वडिलांची गाडी मुलाकडे येते, आणि सकाळी अंगणातील शहाबादी फरशीवर तेलाचा डाग दिसला की ‘जुनी गाडी, गळायचीच’ असे म्हणून तो पुसला जातो. ही समजूत सोयीची आहे, खरी नाही. तेल गळते ते निश्चित कारणामुळे, आणि ते कारण पुष्कळदा किरकोळ असते.

बिदरजवळ नौबाद येथे बहामनी काळातील कारेझ आहे. तिचे पाणी जेथे दिसते तेथे उगम पावत नाही. भूमिगत बोगद्यातून ते दुरून येते. तेलाचेही तसेच आहे. ते खाली ओघळते आणि गाडी धावताना वाऱ्याने मागे ढकलले जाते. म्हणून ठिपका पडतो त्याच्या वर आणि पुढे उगम शोधावा.

त्यासाठी प्रथम इंजिन स्वच्छ हवे. बिदरकडील तांबडी आणि कलबुर्गीकडील काळी धूळ तेलावर बसून तिचा थर होतो. तो गळतीची जागा झाकतो, शिवाय पंख्यांवर साचून इंजिनाची उष्णताही कोंडतो. इंजिन थंड असताना, विस्तवापासून दूर, रॉकेल आणि ब्रशने हा थर काढावा. ब्रेकला रॉकेल लागू देऊ नये. इंजिन पुसून कोरडे झाल्यावर सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि चार-पाच किलोमीटर जाऊन यावे. पावडर जेथे सर्वांत वर ओली झाली असेल, तेथे दोष आहे.

पाना हाती घेण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली तेलाची पातळी. बुलेट बरेच दिवस उभी राहिली की टाकीतील तेल क्रँककेसमध्ये झिरपते आणि पट्टीवर कमी दिसते. मालक वरून तेल ओततो, आणि गाडी सुरू होताच जास्तीचे तेल बाहेर येते. म्हणून गाडी थोडी चालवून, मग काही मिनिटे थांबून पातळी पाहावी. दुसरी गोष्ट ब्रीदरची नळी. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधील हवा दाबली जाते. तिची वाट चोंदली असेल तर ती सांध्यांतून तेल ढकलते. अशा वेळी नवे पॅकिंगही टिकत नाही.

त्यानंतर बोल्ट आवळावेत, तेही समोरासमोरचे, थोडे थोडे. जोर केल्यास ॲल्युमिनियममधील आटे जातात आणि आठ आण्यांच्या दुखण्याला शंभराचा खर्च येतो. बुलेटच्या चेन कव्हरला मधोमध एकच नट असतो. तो अति आवळल्यास कव्हर वाकते. तेथे रबरी कडेच बदलावे. पॅकिंग बदलताना जुने अवशेष लाकडी पट्टीने खरवडावेत, पेचकसाने नव्हे; एका ओरखड्यातूनही तेल वाट काढते. चिकटद्रव्य अगदी पातळ लावावे, कारण आत ओघळलेला गोळा तेलाचा मार्ग बुजवू शकतो. तेल काढण्याच्या बुचाखालील तांब्याचा वायसर कडक झाला असेल, तर तो लाल तापवून थंड केल्यास पुन्हा मऊ होतो.

जावा-येझदीची एक गळती जमिनीवर दिसतच नाही. क्रँकचे सील झिजले की गिअरचे तेल इंजिनात ओढले जाते. धुराचा लोट वाढला आणि गिअरपेटीतील तेल घटू लागले, तर हे सील तपासून घ्यावे. हे काम, तसेच तडकलेल्या आवरणाचे काम, मिस्त्रीकडेच सोपवावे. मागच्या टायरवर तेल येत असेल, तर मात्र दुरुस्तीपर्यंत गाडी काढूच नये. ओल्या चाकाने वळणावर जीव जातो.

काढलेले तेल विहिरीजवळ वा नाल्यात ओतू नये. डब्यात भरून गॅरेजला द्यावे. फरशीवरील डाग ही गाडीने दिलेली सूचना आहे. ती वेळीच वाचली, तर हुमनाबाद-कलबुर्गीच्या उन्हात, मैलोगणती सावली नसलेल्या रस्त्यावर, गाडी ढकलण्याची पाळी येत नाही.