केळीचे हिरवे दिवस

घड झाडावरून उतरवला तरी त्यातलं केळं जिवंत असतं. मुळांकडून येणारं पाणी तुटलेलं असतं, पानांकडून येणारी साखर थांबलेली असते, पण श्वसन चालूच राहतं. साठवलेलं पिष्ट थोडं थोडं खर्चायचं, प्राणवायू घ्यायचा, कार्बन डायऑक्साइड आणि ऊब बाहेर सोडायची, असा त्याचा संसार बागेबाहेरही सुरू असतो. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपडा या केळीपट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या उन्हात बांधावर पडून राहिलेला घड बाहेरून तापतो आणि श्वसन वाढल्यामुळे आतूनही तापतो. साठा भराभर संपतो, पाणी उडतं, आणि थंडाव्यात दोन-तीन आठवडे सहज हिरवं राहिलं असतं ते केळं काही दिवसांतच पिवळं पडायला लागतं.

कापणीपासून पिकू लागेपर्यंतच्या या काळाला केळीचं हिरवं आयुष्य म्हणतात. केळी टिकवण्याचे बहुतेक सगळे उपाय याच काळात चालतात, कारण पिकण्याची क्रिया एकदा सुरू झाली की मागे फिरवता येत नाही. आंबा, चिकू, पपई यांच्याप्रमाणे केळंही ठरावीक अवस्थेला पोचलं की इथिलीन नावाचा वायू सोडू लागतं, आणि तोच वायू त्याला आणखी इथिलीन तयार करायला लावतो. श्वसन एकदम उसळतं, पिष्टाची साखर होते, सालीतलं हरितद्रव्य मोडतं, गर मऊ पडतो. हिरव्या केळ्याच्या गरात वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पिष्ट असतं. पूर्ण पिकल्यावर ते वजनाच्या एखाद्या टक्क्याइतकंच उरतं.

हे सगळं सुरू व्हायला इथिलीन किती लागतं? दहा लाख भाग हवेत एक भाग, कधी त्याहूनही कमी. १९१० मध्ये जमैकात एच. एच. कझिन्स यांनी नोंदवून ठेवलं होतं की संत्री आणि केळी एकाच जहाजात भरू नयेत, संत्र्यांतून निघणाऱ्या कुठल्याशा वायूने केळी वाटेतच पिकतात. तो वायू इथिलीन आहे आणि फळं तो स्वतः तयार करतात, हे पुढे १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केलं. तोवर व्यापाऱ्यांना अनुभवाने जे ठाऊक होतं तेच खरं ठरलं: हिरव्या मालात एक पिकलेली फणी राहून गेली तर ती सगळ्या मालाला ओढून नेते.

जखम झालेलं फळसुद्धा इथिलीन सोडतं. आपल्या देशातली कितीतरी केळी हातून जातात ती इथेच. खान्देशात वर्षानुवर्षं चालत आलेली पद्धत अशी की अख्खा घड कापायचा, खांद्यावरून बांधाशी आणायचा, केळीच्या पानांवर रचायचा आणि ट्रकमध्ये दाबून भरायचा. माल पुढे दिल्लीकडे, उत्तर प्रदेशाकडे निघतो, आणि वाटभर वरच्या घडाचं ओझं खालच्या घडावर बसतं, फणीची टोकं शेजारच्या सालीत रुततात. हिरव्या सालीवर हा मार फारसा दिसत नाही. केळं पिवळं झाल्यावर तो काळा होऊन उमटतो, तेव्हा माल शेकडो किलोमीटर दूरच्या बाजारात असतो. त्या डागांची किंमत दर ठरवताना आधीच वजा झालेली असते, आणि ती बागायतदाराच्या पदरातून जाते. वर्षभर खत, पाणी, घडांना टेकू देऊन, वाऱ्या-वादळातून जपलेलं पीक शेवटच्या काही तासांत असं खाली यावं, याचं मला फार वाईट वाटतं. हे नुकसान थोपवायला मोठी यंत्रं लागत नाहीत.

काय लागतं, ते सोलापूर जिल्ह्यात करमाळा-माढ्याकडे, उजनीच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या निर्यातीच्या बागांत पाहायला मिळतं. तिथे घड झाडावर असतानाच त्याला पिशवी घालतात आणि फण्यांच्या मध्ये फोमचे पातळ तुकडे सरकवतात. कापलेला घड जमिनीला टेकू देत नाहीत. फणी दांड्यापासून धारदार सुरीने एका घावात वेगळी करतात, कारण फाटलेल्या देठावर बुरशी आधी चढते. कापल्यावर चीक गळायला लागतो. तो सालीवर वाळला की काळे ओघळ कायमचे राहतात, म्हणून फण्या लगेच पाण्याच्या टाकीत सोडतात. पाण्यात तुरटी घालतात. तिने चीक साकळतो आणि देठाची जखम स्वच्छ राहते. त्यावर बुरशीनाशकाचा हात फिरतो, कारण लांबच्या प्रवासात केळ्याचा खरा शत्रू देठाची कुज असते. मग वजन करून साधारण १३ किलोच्या खोक्यात, आत प्लास्टिकची पातळ पिशवी अंथरून, फण्या पाठीला पाठ लावून बसवतात आणि पिशवीतली हवा ओढून घेतात. त्यानंतर शीतगृह आणि मग वातानुकूलित कंटेनर.

खान्देशाला हे जमत नाही असं मुळीच नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची २२ टन केळी दुबईला गेली. प्रश्न एवढाच आहे की दुबईच्या केळ्याला जी फोमची पट्टी आणि तुरटीचं पाणी मिळतं ते दिल्लीच्या किंवा दादरच्या केळ्याला का मिळू नये. जगातल्या केळ्यांचा जवळपास चौथा हिस्सा भारतात पिकतो आणि बहुतेक सगळा इथेच खाल्ला जातो. केळी टिकवण्याचा मुख्य प्रश्न निर्यातीचा नाही, आपल्या रोजच्या बाजाराचा आहे.

आता थंडाव्याबद्दल. केळी टिकवणारा सर्वांत भरवशाचा उपाय तोच, पण त्याला एक विचित्र मर्यादा आहे. हिरवी केळी १३ ते १४ अंशांवर आणि नव्वद टक्क्यांच्या वर आर्द्रतेत ठेवली तर श्वसन मंदावतं आणि हिरवे दिवस वाढतात. त्याखाली गेलं की केळ्याला थंडी बाधते. सालीखालच्या चिकाच्या शिरा तपकिरी होतात, आणि अशी केळी नंतर उबेत आणली तरी धड पिवळी होत नाहीत, करडी, निस्तेज राहतात. खान्देशात हिवाळ्यात किमान तापमान फार उतरलं तर उभ्या बागेतल्या घडांचंही हेच होतं. आणि उष्णता वाढली तर उलटा प्रकार. ग्रँड नैनसारख्या वाणाची केळी २४ अंशांच्या पुढे पिकू लागली तर गर मऊ होतो, पण सालीतलं हरितद्रव्य पुरतं मोडत नाही. उन्हाळ्यात घरी आपोआप पिकलेलं केळं हिरवट दिसतं, तरी आतून गोड असतं, त्याचं कारण हे.

थंडाव्याच्या जोडीला हवेचे उपाय आहेत. खोक्यातली ती पातळ पिशवी मोठं काम करते. आतली केळी श्वास घेत घेत स्वतःच प्राणवायू कमी करतात, कार्बन डायऑक्साइड वाढवतात, आणि त्या बदललेल्या हवेत त्यांचं श्वसन आणखी मंदावतं. प्राणवायू अगदीच संपला तर मात्र फळ आंबतं, म्हणून पिशवीची जाडी आणि भोकं विचारपूर्वक ठरवावी लागतात. काही जण पिशवीत पोटॅशियम परमँगनेट शोषलेली पुडी ठेवतात. ती इथिलीन खाऊन टाकते आणि जांभळ्याची तपकिरी झाली की तिचं काम संपलं असं समजायचं.

त्याहून नेमका उपाय अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकेनशिप यांनी शोधला. मिथाइलसायक्लोप्रोपीन नावाचा वायू फळाच्या पेशींत इथिलीन जिथे चिकटतं ती जागाच अडवून बसतो, त्यामुळे बाहेर इथिलीन असलं तरी फळाला त्याची खबर लागत नाही. सफरचंदाला हा उपाय फार मानवला. केळ्याला जपून वापरावा लागतो, कारण कमी-जास्त तयार झालेला माल एकत्र असेल तर काही फण्या पिकतात आणि काही हिरव्याच अडून बसतात.

कच्चा-पक्का माल एकत्र येण्याचं मूळ कापणीच्या दिवसात असतं. केळ्याच्या कडा स्पष्ट दिसत असताना, म्हणजे ७५-८० टक्के तयार असताना घड कापला तर त्याला लांबचा प्रवास झेपतो. आठ-दहा दिवस थांबलं तर केळं गोलाई धरतं, वजन वाढतं, चार पैसे जास्त मिळतात, पण हिरवे दिवस तेवढे घटतात. ज्याला वजनावर पैसे मिळतात त्या शेतकऱ्याने थांबावं यात त्याचं काहीच चुकत नाही. लवकर कापलेल्या, जास्त टिकणाऱ्या मालाला खरेदीदाराने वेगळा दर दिला तरच हे बदलेल.

पिकवण्याच्या खोलीबद्दल लोकांच्या मनात नाहक भीती आहे. तिथे १६ ते १८ अंशांत केळ्यांना इथिलीनचा थोडा वायू देतात, मग खोलीची हवा बदलत राहतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यासाठी दहा लाखांत १०० भागांपर्यंतची मर्यादा घालून दिली आहे. फळ स्वतः जो वायू सोडतं तोच हा. घाबरायचं ते कॅल्शियम कार्बाइडला. त्याच्या पुडीतून ॲसिटिलीन निघतो, त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, आणि फळं पिकवायला त्याचा वापर कायद्याने बंद आहे. शिवाय त्याने साल पिवळी होते तेव्हा गर अनेकदा कच्चा राहतो.

पिकलेलं केळं टिकवणं हा वेगळा प्रश्न. वसई-आगाशीकडच्या लोकांनी त्याचं उत्तर फार पूर्वी काढलं: राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची आणि सुकेळी करून ठेवायची. घरी आणलेल्या डझनासाठी सोपी गोष्ट म्हणजे केळी आंबा, सफरचंद, टोमॅटो यांच्या टोपलीत ठेवू नयेत, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून तर मुळीच नाही. हिरवट केळी फ्रिजबाहेर, सावलीत ठेवावीत. हवी तेवढी पिकली की मग मात्र फ्रिज चालतो. साल लवकरच काळी पडते, पण गर आणखी काही दिवस चांगला राहतो. सालीकडे पाहून तो फेकून देऊ नये. शिकरणाला असं केळं उत्तम लागतं.