सहा कळ्यांची टोपी, सगळे टाके सुलट

डिसेंबर-जानेवारीत विदर्भातल्या नीचांकी तापमानाची बातमी आली की त्यात बरेचदा गोंदियाचंच नाव असतं. पारा ७-८ अंशांवर सहज उतरतो. उन्हाळ्यात ४५ अंशांना टेकणारा जिल्हा तो हाच! समुद्र लांब, रात्री आभाळ निरभ्र, त्यात मध्य प्रदेशाकडून येणारे कोरडे वारे. नवेगाव-नागझिऱ्याच्या पहाटेच्या सफारीत उघड्या जिप्सीत बसलात की कान आधी गारठतात. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा हंगामही नेमका याच दिवसांतला. गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत रंगतं आणि मंडपात जिकडेतिकडे शाली नि कानटोप्या दिसतात.

अशा थंडीसाठी एक टोपी मला फार आवडते. ती विणायला उलट टाका यावाच लागत नाही. प्रत्येक ओळ सुलट, बस्स. असं विणलं की दोन ओळींची मिळून एक उठावदार वळी तयार होते. कापड दोन्ही बाजूंनी सारखंच दिसतं, कडा गुंडाळल्या जात नाहीत आणि वळ्यांमध्ये हवा अडकून ऊब टिकते.

गंमत म्हणजे या विणीत जितके टाके, साधारण तितक्याच वळ्या घातल्या की चौरस होतो. २० टाके, २० वळ्या, झाला चौकोन. त्यामुळे टोपीचा हिशेब बोटांवर करता येतो.

ही टोपी आडवी विणायची. सुईवरचे टाके म्हणजे टोपीची काठापासून शेंड्यापर्यंतची उंची. मध्यम जाडीची लोकर नि ७ नंबरच्या सुया घेतल्या तर ४० टाके पुरतात. पहिली वळी पूर्ण विणायची. पुढच्या वळीला शेंड्याकडचा एक टाका न विणता तिथूनच परत फिरायचं, त्यापुढे दोन सोडायचे, मग तीन. अशा १५ वळ्या झाल्या की एक कळी तयार: काठाशी रुंद, शेंड्याशी निमुळती, परकराच्या कळीसारखीच. मग पुन्हा सगळे ४० टाके विणायचे आणि दुसरी कळी धरायची. सहा कळ्यांच्या ९० वळ्या, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटर घेर. ही वीण वळ्यांच्या आडव्या दिशेला चांगली ताणली जाते, म्हणून मोठ्या माणसाच्या डोक्यालाही टोपी नीट बसते. शेवटी शेंड्याच्या कडेतून दोरा ओवून आवळायचा आणि पहिली-शेवटची कड शिवून टाकायची.

आणि आकार? तो तुमच्या हातात! दर वेळी एकेक टाका जास्त सोडलात तर माथा सपाट होतो, दोन-दोन सोडलेत तर टोपी टोकदार. एकदा एक, एकदा दोन असं केलं की छान गोलवा येतो. एरवी मध्येच वळलं की तिथे भोक पडतं. इथे ते वळ्यांच्या खाचेत लपून जातं. उरलीसुरली लोकर खपवायला तर ही टोपी सोन्यासारखी: प्रत्येक कळीला वेगळा रंग. सुट्या कळ्या विणून मागाहून जोडल्या तरी चालतं. घरातल्या चौघींनी एकेक विणायला घेतली तर संध्याकाळ मजेत जाते.

लोकरीच्या कपड्यांचा विषय गोंदियात निघाला की अर्जुनी मोरगाव तालुक्यात डोकावायलाच हवं. इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगाव-प्रतापगडकडे, नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. १९७२ची. महाराष्ट्रातली अशी ही एकमेव. तिच्या नावापुढे आजही ‘भंडारा’ लागतं, कारण गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ला. हिवाळा आला की इथली कितीतरी कुटुंबं स्वेटर-टोप्या विकायला शहरोशहरी जातात. तिबेटी मंडळींच्या बाजारातला बहुतेक माल लुधियानाच्या कारखान्यांतला. म्हणजे पंजाबात विणलेली टोपी तिबेटी हातांतून वैदर्भीय डोक्यावर! मला हा प्रवास फार लोभस वाटतो.

थंडीत टोपी हवीच, पण ‘शरीराची निम्मी उष्णता डोक्यातून जाते’ हे मात्र खरं नाही. मोठ्या माणसाचं डोकं शरीराच्या पृष्ठभागाच्या मानाने जेवढं, साधारण तेवढीच उष्णता तिथून जाते, म्हणजे दहाएक टक्के. तान्ह्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याचं डोकं शरीराच्या मानाने बरंच मोठं असतं, म्हणून जन्मल्याबरोबर टोपी घालतात. आपल्याकडची टोपडी-कुंच्या उगाच आलेली नाहीत.

टोपी आपण उबेसाठी घालतो, इंग्लंडात तर १५७१मध्ये तिच्यासाठी कायदाच झाला: सहा वर्षांवरच्या बहुतेकांनी रविवारी आणि सणाला लोकरीची टोपी घातलीच पाहिजे. उमराव मंडळींना सूट होती. हेतू टोप्या करणाऱ्यांचा धंदा वाचवण्याचा. १५९७मध्ये तो कायदा रद्द झाला.

आता आपल्या टोपीच्या लोकरीविषयी. दुकानात ‘लोकर’ म्हणून मिळणारा गुंडा बहुधा ॲक्रिलिकचा असतो. स्वस्त, रंगीत, धुवायला सोपा. खरी लोकर ओळखायची तर दोऱ्याचा तुकडा चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत आपोआप विझली आणि राख बोटांत चुरली तर मेंढीची. वितळून कडक मणी झाला तर कारखान्याची. मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओल शोषूनही ओली वाटत नाही, म्हणून दवात फिरणाऱ्यांसाठी तीच घ्या. फक्त गरम पाण्यात घालून चोळू नका, नाहीतर सहा कळ्यांची टोपी आटून नातवाच्या मापाची होईल.