अनुज्ञप्त

अनुज्ञप्त : कायद्याने नियंत्रित केलेला व्यवसाय किंवा कृती करण्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडून लेखी व सशर्त मुभा मिळालेली व्यक्ती, संस्था वा जागा यांस लावले जाणारे विशेषण. इंग्रजीतील ‘लायसेन्स्ड’ या विशेषणाचा हा मराठी पर्याय असून तो संस्कृत ‘अनु + ज्ञा’ (संमती देणे) यावरून आला आहे. मुभेस ‘अनुज्ञप्ती’ व ती धारण करणाऱ्यास ‘अनुज्ञप्तिधारक’ म्हणतात. बोलीत मात्र ‘परवाना’ हा फार्सी शब्दच रूढ आहे. १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व नंतरच्या हैदराबाद राज्यात असलेल्या परभणी जिल्ह्यात, दप्तराची भाषा दीर्घकाळ उर्दू असल्याने, तो विशेष परिचित आहे.

अर्थमर्यादा : अनुज्ञप्तीने कृती वैध ठरते, तिचे फळ चांगले असल्याची हमी मिळत नाही. अटींचा भंग झाल्यास ती निलंबित वा रद्द करता येते. ‘अनुज्ञप्त’, ‘अधिसूचित’ व ‘प्रमाणित’ ही विशेषणे समानार्थी मानल्याने व्यवहारात नुकसान संभवते. बियाण्यांचा व्यापार हे याचे ठळक उदाहरण होय.

बियाण्यांबाबतचा उपयोग : बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ अन्वये बियाणे विक्रेत्यास अनुज्ञप्ती आवश्यक असते. येथे अनुज्ञप्त असतो तो विक्रेता. बियाणे अधिनियम, १९६६ अन्वये केंद्र शासन राजपत्राद्वारे पिकांचे वाण अधिसूचित करते. तेव्हा अधिसूचित असतो तो वाण. ‘प्रमाणित’ हे विशेषण मात्र बियाण्याच्या विशिष्ट गटास लागते. क्षेत्रतपासणी व प्रयोगशाळेतील चाचणी यांत तो गट उतरल्यावर प्रमाणीकरण यंत्रणा त्यास निळी खूणचिठ्ठी देते. सत्यतादर्शक बियाण्याची चिठ्ठी हिरवी असून तीवरील माहितीची जबाबदारी उत्पादकाची असते. प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. परंतु अधिसूचित वाणाच्या पिशवीवर विहित मजकुराची चिठ्ठी असणे बंधनकारक आहे.

परभणी येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ हा भेंडीचा वाण विकसित केला. अशा नामांकित वाणाचे बियाणे अनुज्ञप्त दुकानातून घेतले, तरी हातातील पिशवीची उगवणक्षमता त्यावरून सिद्ध होत नाही. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यासाठी किमान ७० टक्के उगवण विहित आहे. परंतु त्याचे टरफल नाजूक असल्याने हाताळणीत व साठवणीत ती घटू शकते. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर झाल्या. दुबार पेरणीचा खर्च व हुकलेला हंगाम यांचा भार अशा वेळी प्रथम शेतकऱ्यावरच पडतो.

व्यावहारिक महत्त्व : अनुज्ञप्तीचा खरा उपयोग उत्तरदायित्व निश्चित करण्यात आहे. अनुज्ञप्त विक्रेत्यास साठा व दर यांचा फलक लावावा लागतो आणि पावती द्यावी लागते. पावती, पिशवी, चिठ्ठी व थोडे बियाणे जपून ठेवल्यास तक्रारीस आधार मिळतो. पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून मोड आलेले दाणे मोजल्यास उगवणीचा अंदाज येतो. विक्रीचा अधिकार कोणास आहे, एवढेच ‘अनुज्ञप्त’ या शब्दावरून समजते. बियाण्याची पारख स्वतंत्रपणेच करावी लागते.