जमिनीचा कस आणि त्याची परतफेड

बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी हे गाव मँगनीजच्या खाणीसाठी प्रसिद्ध आहे. खाणीतून एकदा काढलेले खनिज पुन्हा तेथे तयार होत नाही. भोवतालच्या धानशेतीचे तसे नाही. धान्याबरोबर गेलेला कस जमिनीला परत देता येतो. मात्र तो दिला नाही, तर शेतही हळूहळू रिते होते.

ही परतफेड तीन मार्गांनी होते. पहिला मार्ग शेणखताचा. दहा टन चांगल्या शेणखतात सुमारे 50 किलो नत्र असते. शंभर किलो युरियात 46 किलो. आकडे जवळजवळ सारखे, पण गुण निराळे. युरियातील नत्र पिकास लवकर मिळते आणि त्याचा काही भाग पाण्याबरोबर व हवेत निघून जातो. शेणखत सावकाश कुजते, ओल धरून ठेवते व मातीतील सूक्ष्म जीवांना पोसते. पण गोवऱ्या होऊन शेण चुलीत गेले, तर शेताच्या वाट्यास काय यावे? इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांपासून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली. 1931 साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काडीकचरा जाळणाऱ्याने ती अवश्य अभ्यासावी.

दुसरा मार्ग रासायनिक खतांचा. जबलपूरच्या कृषी विद्यापीठात 1972 पासून सोयाबीन व गहू या पिकांवर दीर्घकालीन प्रयोग सुरू झाला. केवळ नत्र दिलेल्या वाफ्यांचे उत्पन्न मागे पडले; नत्र, स्फुरद व पालाश यांच्या जोडीला शेणखत दिलेले वाफे सरस ठरले. एकट्या युरियावर भिस्त ठेवणे म्हणजे उरलेली ठेव उपसणेच होय.

तिसरा मार्ग पिकांच्या फेरपालटीचा. उभ्या धानात लाखोळी फेकण्याची किंवा कापणीनंतर हरभरा पेरण्याची जुनी चाल शास्त्रशुद्ध आहे. या पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र धरून ठेवतात. रोवणीपूर्वी ढेंचा किंवा बोरू पेरून फुलोऱ्याच्या सुमारास चिखलात गाडल्यास तोच लाभ होतो.

तिन्ही मार्ग परस्परांचे पूरक आहेत. आधी मातीची तपासणी करावी, शेणखत व हिरवळीच्या खताचा पाया घालावा आणि उणे राहील तेवढेच रासायनिक खत हप्त्याहप्त्याने द्यावे. असे केल्यास आजचे पीक पदरात पडेल आणि पुढील पिढीच्या हातीही कसदार जमीन जाईल.