नाक, हात आणि गर्भाशय

पुण्याच्या गॅलक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने मे २०१७ मध्ये एका मातेचे गर्भाशय तिच्या लेकीच्या उदरात बसविले, आणि लागलीच तशीच शस्त्रक्रिया झालेली बडोद्याची एक स्त्री १८ ऑक्टोबर २०१८ रोजी तेथेच १,४५० ग्रॅम वजनाच्या कन्येला जन्म देऊन बाळंतीण झाली, तेव्हापासून जननेंद्रियांच्या प्रत्यारोपणावर सरकारी खजिन्यातून खर्च करावा काय, हा प्रश्न परदेशचा राहिलेला नाही.

ज्याने जीव वाचत नाही त्यासाठी तरतूद कशाला, हा आक्षेप वजनदार वाटतो खरा. परंतु कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक पुण्यात कपाळाच्या कातडीतून घडविल्याची जी हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात छापून आली आणि पाश्चात्त्य शल्यविद्येस चालना देऊन गेली, तीतला गाडीवान नाकावाचून मरणार नव्हताच. कोचीला २०१५ साली हातांचे प्रत्यारोपण झाले तेव्हा त्याचे कौतुकच झाले. अवयव कमरेखालचा असला की मात्र जमाखर्चाची वही उघडते; तीत तिजोरीची काळजी थोडी आणि लाज फार, असे मला वाटते.

जन्मतः गर्भाशय नसणे हे सुमारे पाच हजार मुलींमागे एकीच्या वाट्याला येते. २०११ च्या जनगणनेनुसार जळगाव आणि धुळे मिळून लोकसंख्या बासष्ट-त्रेसष्ट लाख. म्हणजे एकट्या खानदेशात अशा सहाशे तरी स्त्रिया असाव्यात. सोळा वर्षे सरली तरी न्हाण येत नाही म्हणून आधी नवस होतात, मग जिल्ह्याच्या गावी सोनोग्राफी, मग घरात मौन. आणि लग्न झालेच तर ओटी भरणारा हात तिला वगळून पुढच्या सवाशिणीकडे वळतो.

दुसरी बाजूही लहान नाही. परका अवयव शरीराने झिडकारू नये म्हणून घ्यावयाच्या औषधांनी रोगप्रतिकारशक्ती खचते. गर्भाशय निदान अपत्यप्राप्तीनंतर काढून औषधे थांबविता येतात. केपटाउनला २०१४ साली एका तरुणाला, सुंतेच्या विधीत गमावलेले शिश्न प्रत्यारोपणाने मिळाले, त्याला मात्र ती सोय नाही. चीनमध्ये २००६ साली तर रुग्ण आणि पत्नी दोघांच्याही मनाला न मानवल्याने बसविलेला अवयव पंधरवड्यातच काढावा लागला. म्हणून पुरुषांच्या बाबतीत हाताच्या कातडीतून अवयव घडविण्याची जुनी रीत आज अधिक शहाणपणाची दिसते.

तेव्हा मुंबई-पुण्याच्या एखाद्या सरकारी रुग्णालयास संशोधनासाठी मंजुरी द्यावी आणि अपयशासकट त्याचा हिशेब जाहीर घ्यावा. धुळे-जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मात्र आधी, सोनोग्राफीचा कागद हाती ठेवल्यावर त्या मुलीशी व तिच्या आईशी दार लावून अर्धा तास बोलेल, असा डॉक्टर नेमावा.